शून्य पाण्यावर

२ फेब्रुवारी, सोमवार

पत्र आलं. सहा ओळींचं. सतरा मार्चला मूल्यमापन समिती येणार आणि लिटरमागे एक ग्रॅम दिसलं नाही तर 'जागेचा फेरविचार' होणार. म्हणजे प्रयोगशाळेला टाळं. ज्यांना 'टाळं' म्हणायची हिंमत होत नाही अशा माणसांना शोधून शोधून समित्यांवर बसवतात.

एक ग्रॅम कशाचं, हे पत्रात नाही. त्यांना माहीत नसावं. द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य असतं. फिनॉलांच्या मोठ्या कुळातलं. बुरशी चालून आली की वेल ते स्वतःच्या बचावासाठी घडवते, आणि आपण ढीगभर साली उकळून त्यातून चिमूटभर काढतो. आम्ही वेलीची दोन जनुकं जिवाणूंमध्ये बसवली. कूमॅरिक आम्ल हा कच्चा माल टाकीत ओतायचा, जिवाणूंनी तो खायचा आणि रेस्व्हेराट्रॉल करून द्यायचं. मळा नको, मांडव नको, ऋतू नको. टाकीतला मळा! हे मी सात व्यासपीठांवरून बोललो आहे आणि सातही वेळा टाळ्या पडल्या आहेत.

जिवाणूंनी मात्र टाळ्या ऐकलेल्या नाहीत. जानेवारीचा आकडा तीस मिलिग्रॅम. हजार हवेत.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "मग आता?"

"मग आता युद्ध."

"बरं. डबा नेणार की तिथेच खाणार?"

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईच्या अंगात याहून जास्त ज्वाळा नसतात.

४ फेब्रुवारी, बुधवार

सर्वांना नियमांची आठवण करून दिली. नवी दोन माणसं गोंधळली होती, कारण मोजमापाचं काम बघते ती माझी सून. मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने दिसतो. ती आमच्याकडे राहते. 'घरचीच माणसं भरली' असं कोणी म्हणू नये म्हणून तीन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं : फाटकाच्या आत मी सर, घराच्या दाराच्या आत बाबा. घरात प्रयोगशाळेचा शब्द नाही, प्रयोगशाळेत घरचा नाही. बसही वेगळी, मी आठ दहाची, ती आठ पंचवीसची. आणि शंका असेल तर कोपऱ्यात कुजबुजायची नाही, सोमवारच्या बैठकीत चारचौघांत लेखी मांडायची.

इतकी पारदर्शक व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तीन वर्षांत एकही लेखी शंका आलेली नाही, यावरूनच काय ते कळतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोजणीचं मोठं यंत्र बंद पडलं. मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून प्रत्येकाचा आकडा देणारं आमच्याकडे ते एकच. पंप गेला, सुटा भाग दीड महिन्याने येईल. सतरा मार्चनंतर, अर्थात. यंत्रांनाही समितीत घ्यायला हरकत नाही.

ही बातमी वरच्या मजल्यावर पोचायला दहा मिनिटं लागली. तिथे, मी फूटपट्टी म्हणतो तो गृहस्थ बसतो. तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख. आयुष्यात एकही वाक्य त्याने टाळीसाठी बोललेलं नाही, आणि त्याला एकही मिळालेली नाही. जिन्यात भेटला.

"काय, तुमची मंडळी मोजायची कशी आता? आमचं यंत्र रिकामं असतं दुपारी. पाठवा नमुने."

"आभारी आहे. आमचं आम्ही बघू."

"बघा. पण मोजा."

मी गरज पडली तर बोटांवर मोजेन, पण त्याच्या यंत्रावर नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बोटांवर मोजायची वेळ आली नाही. मी ज्या रंगपरीक्षेवर तरुणपणी पदवी मिळवली ती कपाटातून बाहेर काढली. पिवळा द्रव, त्यात नमुना, वर सोडा, अर्धा तास थांबायचं. फिनॉल असेल तर निळं. जितका माल तितकं गडद. निळेपणा मोजणाऱ्या छोट्या यंत्राला आधी शून्य दाखवायचं, म्हणजे माल नसलेली नळी, आणि मग आपली नळी ठेवायची. इतकं सोपं की समितीलाही कळेल.

आकडा : तीनशे दहा!

महिन्यात दहापट. जुनं यंत्र माझ्या मंडळींवर अन्याय करत होतं, असं मला वाटतच होतं.

सुनेने विचारलं, "सर, शून्य कशावर लावायचं?"

"पाण्यावर. आपल्याकडे शून्य पाण्यावरच लावतात."

"पण आपण ओततो तो कच्चा मालसुद्धा फिनॉलच..."

"मग? फिनॉलातूनच फिनॉल होणार. कोळशातून व्हायला हवं होतं का?"

सगळे हसले. तीही हसली असावी. खाली बघत होती. आकड्याच्या कागदावर सही करायला मात्र विसरली. मोजणाऱ्याची सही हवी, हा नियम समितीचा आहे. उद्या घेईन.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कच्चा माल दुप्पट केला. आकडा पाचशे ऐंशी. मी आधीच म्हणालो होतो : उपाशी कामगाराकडून क्रांती होत नाही. त्याला पोटभर द्या आणि बघा!

टाकीवाले काका, जे अठरा वर्षं याच टाकीपाशी उभे आहेत, म्हणाले, "साहेब, फेस गेलाय. वासही पहिल्यासारखा येत नाही."

"शिस्त आली, काका."

"असेल," ते म्हणाले. "माणूस इतका शिस्तीत आला की आम्ही डॉक्टरला बोलावतो."

काकांना विज्ञान कळत नाही, पण वाक्यं बरी करतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरी जेवताना सून हिला म्हणाली, "आई, तराजूत आधीच काहीतरी पडलेलं असेल, तर?"

"तर ते आधी वजा करायचं," ही म्हणाली. "पाचवीचं गणित आहे."

"आणि कोणी वजा करूच दिलं नाही तर?"

"मग तराजू वाण्याचा असेल."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी बजावलं, "घरात प्रयोगशाळेचं काही नको."

"तराजूचं बोलतेय, बाबा," ती म्हणाली.

बायकांना काही हवं असलं की सरळ मागत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाकघरासाठी नवा वजनकाटा आणून दिला. बटणांचा, काचेच्या तबकाचा. सून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. कृतज्ञतेने माणसाला शब्द सुचत नाहीत. ही उठून बाल्कनीत गेली आणि तिथे तिला खोकल्याची उबळ आली. निदान आवाज तसाच होता.

२ मार्च, सोमवार

कच्चा माल चौपट. आकडा अकराशे साठ.

अकराशे साठ! मी हे तीनदा लिहिलं असतं, पण दैनंदिनीला टाळ्या वाजवता येत नाहीत. अहवाल समितीला रवाना केला, सहीचा कागद मागाहून, आणि बैठकीत चाळीस मिनिटं बोललो. म्हणालो, निसर्गाची मक्तेदारी आज या टाकीत मोडली. म्हणालो, उद्या वेलीला विचारा, तुला बुरशीची भीती वाटते का, ती म्हणेल, मला त्या टाकीची वाटते. नव्या दोघांनी वह्यांत लिहून घेतलं.

काका टाकीच्या काचेतून पलीकडे बघत होते. "साहेब, आरपार दिसतंय. आधी दुधासारखं गढूळ असायचं."

"कारभार स्वच्छ असला की दिसतं आरपार," मी म्हणालो.

सुनेची सही चौथ्यांदा राहिली. मी स्वतःचं पेन दिलं. तिने ते घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं, परत दिलं. "बुधवारी करते, सर."

बुधवारी काय, पेनाचा मुहूर्त आहे?

४ मार्च, बुधवार

सही नाही. तिला बरं नव्हतं. दुपारी दीड तास ती जागेवर नव्हती. काका म्हणाले, वरच्या मजल्यावर गेली होती. तिथे गच्चीवर हवा चांगली असते.

९ मार्च, सोमवार

इतिहास घडला : तीन वर्षांतली पहिली लेखी शंका आली. सुनेची. एका ओळीची. 'टाकीतलाच द्रव, तोच कच्चा माल, पण जिवाणू न घालता एक रिकामी नळी लावून बघण्याची परवानगी मिळावी.'

समिती आठ दिवसांवर, आणि सूनबाईंना रिकामी नळी हवी! मी उभा राहिलो. म्हणालो, ज्या समाजाने भरलेल्या नळ्या सोडून रिकाम्या नळ्यांवर वेळ घालवला तो इतिहासाच्या तळटीपेतही उरला नाही. म्हणालो, शंका हे तरुणांचं भूषण आहे, पण भूषणं लग्नात घालतात, लढाईत नाही. टाळ्या पडल्या. नव्या दोघांनी वाजवल्या. काकांचे हात खिशात होते.

सून म्हणाली, "परवानगी नाही, असं लिहून द्याल का, सर?"

मी तिच्याच कागदावर 'गरज नाही' असं लिहून सही केली. सही कशी करतात हे निदान तिला दिसलं असेल.

१४ मार्च, शनिवार

आज हिने पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझा नियम मोडला. नव्या काट्यावर पीठ मोजत होती. आधी मोकळं भांडं ठेवलं, एक बटण दाबलं, आकडा शून्यावर आला; मग पीठ ओतलं.

"हे बटण कशाचं?" मी सहज विचारलं.

"भांड्याचं वजन विसरायचं. नाहीतर भांडंच पीठ म्हणून खाल." मग हात पुसत म्हणाली, "तिने अजून सही का केली नाही, विचारलंत?"

"घरात तो विषय..."

"घरात नको, तिथे चारचौघांसमोर तुम्ही बोलू देत नाही. मग रस्त्यात विचारा. रस्त्याचा नियम केलाय का काही?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्या आवाजावर आहे. आकड्याचं तिला विचारा."

जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही, म्हणून नंतर जेवलो.

१६ मार्च, सोमवार

नीट लिहितो. उद्या माझ्याच डोक्यात याचं भाषण झालेलं असेल, आणि भाषणात गोष्टी जशा होतात तशा राहत नाहीत.

पाच वाजता फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर मी माझी बस सोडली आणि उभा राहिलो. ती आली, मला बघून थबकली.

"इथे काय म्हणू? सर की बाबा?"

"काहीच म्हणू नकोस. नुसतं सांग."

तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेल्या दोन नळ्या काढल्या. दोन्ही गडद निळ्या. "दुपारी लावल्यात. एक टाकीतली. दुसरीने जिवाणू कधी पाहिलेलाच नाही. तुम्हीच सांगा, कुठली कुठली."

मी उन्हात धरून बघितल्या. आयुष्यभर हाच रंग ओळखत आलो. उजवी किंचित जास्त गडद होती. "ही आपली."

"ती रिकामी."

एक बस आली, गेली.

तिने अगदी हळू, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. रंगाला रेस्व्हेराट्रॉल ओळखता येत नाही; त्याला फक्त फिनॉल दिसतो. आपण ओतलेला कच्चा माल हाच फिनॉल. शून्य पाण्यावर लावलं, म्हणून ओतलेलं सगळं 'झालं' म्हणून मोजलं गेलं. दुप्पट ओतलं, दुप्पट निळं. आणि त्या आम्लाचा अतिरेक झाल्यावर जिवाणू मेले. टाकी स्वच्छ दिसते कारण आत आता फारसं कोणी उरलेलं नाही.

मी मंडळींना पोटभर वाढत होतो. विष वाढत होतो.

"खरा आकडा?"

"सहा मिलिग्रॅम. वरच्या मजल्यावर, त्यांच्या यंत्रावर बघितलं."

"फूटपट्टीकडे गेलीस?"

"सही करायला खरा आकडा लागतो ना. तुम्हाला सांगितलं, सर. शून्याचं विचारलं. लेखी दिलं. घरी तराजूचंही बोलले."

"मी काटा आणला."

"हो," ती म्हणाली. "छान आहे काटा."

दुसरी बस गेली. तिने पुढचं माझ्याकडे न बघता सांगितलं : उद्या त्या कागदावर ती सही करणार नाही. मला दुसऱ्या कोणाची घ्यायची असेल तर घ्यावी, तिचा राजीनामा पिशवीत आहे. घरी मात्र ती सून म्हणूनच राहील, आणि त्याबद्दल माझा काही नियम असेल तर तोही आत्ताच सांगावा.

जे मनात आलं ते इथे लिहितो, कारण हे वाचणारा मीच आहे. मनात आलं : समितीतल्या कोणालाही हा रंग कळत नाही. नव्या दोघांपैकी एकाची सही मिळेल. अकराशे साठ हा आकडा भाषणात फार छान बसतो. हे सगळं तिसरी बस येईपर्यंत माझ्या मनात होतं. तिसऱ्या बसमध्ये आम्ही दोघं चढलो. एकाच बसमध्ये, तीन वर्षांत पहिल्यांदा. ती खिडकीशी. नळ्या माझ्या खिशात.

१७ मार्च, मंगळवार

समिती आली. पाच जण आणि एक अध्यक्षीणबाई, ज्यांच्या चेहऱ्यावर 'मी भाषणं ऐकलेली आहेत' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या. दोन्हीचा रंग एव्हाना सारखाच उतरला होता.

"यात फरक काय?" बाईंनी विचारलं.

"एकीत माझे जिवाणू आहेत. दुसरीत माझं भाषण."

कोणी हसलं नाही. व्यासपीठावर चाललं असतं.

"लिटरमागे किती?"

"सहा मिलिग्रॅम."

"आणि तुमच्या अहवालातला एक ग्रॅम?"

"तो आम्हीच ओतलेला कच्चा माल. शून्य चुकीच्या जागी लावलं होतं. या मोजणाऱ्या मुलीने मला तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं. हा तिचा कागद. खालची सही माझी आहे."

बाईंनी 'गरज नाही' हे दोन शब्द पुष्कळ वेळ वाचले. माझ्या लिखाणाकडे इतक्या बारकाईने आजवर कोणी बघितलेलं नाही.

एकूण चार मिनिटं बोललो. टाळ्या नाहीत. मागच्या रांगेत फूटपट्टी उभा होता. त्याने घड्याळात बघितलं. वेळ मोजली असणार.

१९ मार्च, गुरुवार

निकाल आला. याही वेळी सहा ओळी. टाकी बंद, दालन परत. काकांना आणि नव्या दोघांना वरच्या मजल्यावर घेतलं. तिथेच एक टेबल आणि फूटपट्टीच्या यंत्रावर दुपारचे दोन तास वर्षअखेरपर्यंत जिवाणूंसाठी. प्रमुख म्हणून सुनेचं नाव. माझं नाव पत्रात नाही. छपाईची चूक असावी, असं समजून मी पत्र पुन्हा वाचलं. पाठीमागेही बघितलं.

काकांनी टाकी धुतली. जाताना म्हणाले, "साहेब, कपाटातल्या जुन्या बाटलीतली थोडी मंडळी ताईंनी वर नेलीत. जानेवारीतली. जिवंत आहेत."

२२ मार्च, रविवार

सून काल दिवसभर वरच्या मजल्यावर होती. जुनी मंडळी, कच्चा माल अगदी बेताचा, तोही थेंबाथेंबाने. संध्याकाळी आली, हातपाय धुतले, जेवली, आणि प्रयोगशाळेबद्दल एक शब्द बोलली नाही. नियम!

सकाळी चहाला मला राहवलं नाही. "काय आलं?"

उत्तर हिने दिलं. "घरात तो विषय नको."

"नियम मी मागे घेतो."

"असा कसा? सोमवारी मांडा. लेखी."

सून कपात बघत होती. या वेळी मात्र ती हसत होती, हे मला नक्की दिसलं.

मी उठलो, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. रविवारी तिथे बस येत नाही. पाच मिनिटांनी ती आली, घरातल्याच कपड्यांत, हातात घडी घातलेला कागद.

"एकेचाळीस," ती म्हणाली.

जानेवारीपेक्षा अकरा जास्त. हजाराला नऊशे एकोणसाठ कमी. हा आकडा कुठल्याच भाषणात बसणार नाही.

"रिकामी नळी लावलीस?"

"सगळ्यात आधी. तिच्यात शून्य."

मी कागद उघडला. खाली मोजणाऱ्याची सही होती. वळणदार, ठसठशीत, नावाखाली रेघही मारलेली. महिनाभर मी जिच्यामागे पेन घेऊन फिरलो ती.

मला खूप काही म्हणायचं होतं. निसर्गाबद्दल, नम्रतेबद्दल, एकेचाळिसाच्या ऐतिहासिक महत्त्वाबद्दल. मी श्वास भरून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "थोडक्यात."

मी थोडक्यात विचारलं, "उद्या नळ्या धुवायला किती वाजता येऊ?"

"आठ पंचवीसची बस," ती म्हणाली.